बर्लिनच्या बाजारातले बिननावी क्रूस

बर्लिन शहरात क्रॉइत्सबेर्ग नावाची एक मोठी वस्ती आहे. जर्मन भाषेत ‘क्रॉइत्स’ म्हणजे क्रूस आणि ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर. डोंगर आपला म्हणायचा. येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाणाऱ्या माणसाला ती टेकडी चढताना धापही लागणार नाही. टेकडीवर ओतीव लोखंडाचे उंच स्मारक आहे आणि त्याच्या टोकावर लोखंडी क्रूस. नेपोलियनविरुद्धच्या लढायांची आठवण म्हणून ते १८२१ साली उभे राहिले. त्या क्रूसावरून टेकडीला आणि पुढे वस्तीलाही नाव मिळाले. मराठीत काय नि कानडीत काय, पदकाला आपण पदकच म्हणतो. पण एका पदकावरून शहराचा भाग ओळखला जातो, हे मी तिथेच पाहिले.

हा ‘लोखंडी क्रूस’ प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने १८१३ च्या मार्चमध्ये सुरू केला. साधा शिपाई असो की सरदारपुत्र अधिकारी, पराक्रमाला एकच पदक, आणि तेही सोन्याचे नव्हे, लोखंडाचे! देश अडचणीत होता. बायकांनी अंगावरचे सोने लढाईसाठी दिले आणि बदल्यात लोखंडी दागिने घेऊन ते अभिमानाने मिरवले. त्या वर्षी बर्लिनमध्ये लोखंडाला सोन्यापेक्षा जास्त मान होता म्हणा ना! क्रूसाला आजचे रूप देणारा वास्तुकार शिंकेल. टेकडीवरचे स्मारकही त्याचेच. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ साली, प्रत्येक मोठ्या युद्धाच्या वेळी, हे पदक पुन्हा सुरू करण्यात आले.

माझी भाची तिकडे नोकरीला आहे. एका रविवारी ती मला जुन्या बाजारात घेऊन गेली. जर्मन लोक त्याला ‘फ्लोमार्क्ट’, म्हणजे चक्क पिसवांचा बाजार म्हणतात. कपबशा, दिवे, पोस्टकार्डे यांच्या गर्दीत एका म्हाताऱ्या दुकानदाराने मखमलीवर पदके मांडली होती. भाची दुभाषी झाली आणि आजोबांनी आम्हाला पदक कसे ओळखायचे ते शिकवले.

१९१४ च्या अस्सल क्रूसाच्या दर्शनी बाजूला मधोमध डब्ल्यू अक्षर, वर मुकुट आणि खाली साल असते. मागे ओकची पाने आणि १८१३. क्रूस एकसंध नसतो. मध्ये काळे केलेले लोखंड आणि दोन्ही बाजूंनी चांदीची चौकट, असे तीन भाग जोडलेले असतात. म्हणून कडेला सांधा शोधायचा आणि लोहचुंबक लावून पाहायचा. नक्कल पुष्कळदा एकाच साच्यातून ओतलेली असते. वरच्या कडीवर बनवणाऱ्याचा बारीक शिक्काही सापडतो. शिवाय १९१८ पर्यंत जर्मनीत अनेक राजे होते. आपल्याकडे सांगली, जमखंडी, कोल्हापूर होते ना, तसेच तिकडे बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग. आणि प्रत्येकाची पदके वेगळी. हाम्बुर्ग शहराचा तर स्वतःचा लाल मिन्याचा क्रूस होता. तिकडचे संग्राहक नुसती फीत पाहूनही मुलूख सांगतात.

मखमलीवर काही पदकांच्या मध्यावर कागदाचे तुकडे चिकटवलेले दिसले. ते १९३९ चे क्रूस. त्यावर नाझींचे स्वस्तिक असते आणि ते चिन्ह चारचौघांत मांडणे जर्मनीत गुन्हा आहे. ज्यांना ती पदके मिळाली होती, त्यांना १९५७ च्या कायद्याने ती वापरायची मुभा दिली, पण स्वस्तिकाशिवाय. त्या जागी ओकची पाने असलेली नवी आवृत्ती निघाली. आपल्या उंबऱ्यावर शुभ म्हणून काढतो ते चिन्ह तिथे कागदाखाली झाकलेले पाहून क्षणभर कसेसेच झाले. पण झाकण्यामागचे कारण माहीत असल्यावर बोलणार काय?

एका कोपऱ्यात पूर्ण काळा, लहानसा क्रूस होता. आजोबा म्हणाले, “हा विधवांचा.” पहिल्या महायुद्धातल्या लोकांसाठी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी १९३४ साली एक सन्मान-क्रूस सुरू केला. त्याचे तीन प्रकार होते. आघाडीवर लढलेल्यांच्या क्रूसावर तलवारी, इतर सैनिकांचा बिनतलवारीचा आणि मेलेल्यांच्या बायकांना व आईबापांना काळा. तो मिळवण्यासाठी अर्ज करावा लागे. नवरा किंवा मुलगा गेल्याला सोळा-अठरा वर्षे झाल्यावर कुणा बाईने तो अर्ज भरला असेल.

“कोणाचा आहे हा?” मी विचारले. आजोबांनी मान हलवली. या क्रूसावर नाव नसते. नाव असते सोबतच्या कागदावर. कागद वेगळा विकला गेला की क्रूस मुका होतो. किंमत दोन माणसांच्या साध्या जेवणाइतकी होती. मी तो घेतला नाही. घरी आणून कोणाची आठवण म्हणून ठेवणार?

आपल्याकडे मात्र वेगळी गोष्ट आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात लढले. त्या युद्धाबद्दल ब्रिटिशांनी दिलेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या एखाद्या घरात पणजोबांच्या ट्रंकेत असे पदक असेल, तर ते चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. घासून घासून अक्षरे पुसट होतात. भिंग घेऊन कड वाचा, फोटो काढा, आणि फीत, डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे पुस्तक यांच्यासोबत एकाच डब्यात ठेवा. घरातल्या मुलांना ते नाव मोठ्याने वाचायला लावा. सराफाकडे त्या चांदीचे किती येतील, ते तो तराजूत घालून सांगेल. कडेवरचे नाव मात्र त्याच्या तराजूत भरत नाही.