गटाराच्या पाण्याला गिऱ्हाईक

मैलापाण्यात ९९ टक्क्यांहून जास्त नुसतं पाणीच असतं. सगळी कटकट उरलेल्या चिमूटभर ऐवजाची.

*

सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, तळघरात, पार्किंगच्या मागे. ऑपरेटर सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरतो आणि अर्धा तास त्याला हात लावत नाही. चॉकलेटी गाळ हळूहळू खाली बसतो, वर नितळ पाणी दिसतं. गाळ तीनशेच्या खुणेपाशी थांबला की स्वारी खूश. तो बसायलाच तयार नसेल, तर जिवाणूंना हवा कमी पडतेय किंवा खाणं. त्याच्याकडे मीटर आहे, पण आधी नाक. नीट चाललेल्या टाकीला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्यांचा आला, तर हवा फुंकणारा ब्लोअर बंद.

हवा फुंकून गाळातल्या जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची, ही युक्ती १९१४ची. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांची. आजही बहुतेक प्लांट तिच्यावरच चालतात.

*

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू संपवतात, त्याचा हिशेब. ब्रिटिश पद्धत २० अंशांवर ५ दिवसांची. आपण २७ अंशांवर ३ दिवसांत मोजतो. उष्ण देशात जिवाणूही घाईत!

*

बीओडी उतरला म्हणजे सगळं उतरलं असं नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस राहिले की नदीत जलपर्णी माजते. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी उभं राहून बघावं. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं तर जिवाणूंना नीट पचतच नाहीत, बरीचशी तशीच पुढे जातात. जुन्या गोळ्या बेसिनमध्ये टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

*

फ्लशला एसटीपीचं पिवळट पाणी येतं म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोंब. उन्हाळ्यात त्याच ग्रुपवर टँकरच्या बिलावरून भांडण. दोन्हीकडे आवाज त्याच चार जणांचा.

*

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१चा अहवाल: शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. प्लांटची उभी क्षमता ३१,८४१. प्रत्यक्षात शुद्ध होतं जेमतेम २०,०००. पहिल्या दोन आकड्यांतली तफावत पैशाने भरून निघेल. शेवटच्या दोहोंमधली मला जास्त छळते. प्लांट बांधला, फीत कापली, आणि पुढे?

*

नागपूरने वेगळं केलं. भांडेवाडीला शुद्ध झालेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि ते केंद्र चालवणारी महानिर्मिती कंपनी त्याचे पैसे मोजते. यंत्रं थंड ठेवायला पेंच धरणाचं पाणी कशाला हवं? ग्राहक दारात उभा असला की पाणी रोज चांगलंच द्यावं लागतं; नदीत सोडायचं असेल, तर नदी काही बिल अडवून धरत नाही. नागपूरचं खरं शहाणपण मला यंत्रात नाही, या करारात दिसतं.

*

ब्लोअर प्लांटची निम्म्याच्या आसपास वीज खातो, म्हणून काटकसर सुरू होते ती तिथूनच. रात्री बंद, मग दुपारीही बंद. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाचा विषय निघण्याआधी एसटीपीचं वर्षभराचं वीजबिल मागून घ्या. ते अचानक निम्म्यावर आलं असेल, तर सेक्रेटरींचं अभिनंदन करू नका. आधी तळघरात जाऊन वास घ्या.