टिकलीचा डिंक

कोणत्याही मराठी घरात स्त्रियांचा वावर आहे की नाही, हे ओळखण्यास फारसे चातुर्य लागत नाही. न्हाणीघरातल्या आरशाकडे एक दृष्टिक्षेप टाकला म्हणजे पुरे. आरशाच्या काठाने चार-दोन टिकल्या चिकटलेल्या असतात. एक लाल, एक तपकिरी, एखादी सणासुदीची खडा बसविलेली. आणि एक अशी की, जिचा मखमली रंग केव्हाच उडाला आहे, पण जिला टाकून देण्याचा धीर कोणास झालेला नाही. रात्री निजताना कपाळावरची टिकली आरशावर जाते आणि सकाळी आरशावरून पुन्हा कपाळावर येते. हे तिचे जाणे-येणे चार दिवस चालते. काटकसरी घरात आठवडाभरही चालते. आम्ही दाढी करावयास उभे राहिलो म्हणजे यांपैकी एखादी आमच्या प्रतिबिंबाच्या नेमकी भुवयांमध्ये येऊन बसते, आणि आमच्या मिशांना ती मुळीच शोभत नाही.

आमच्या आजीच्या काळी हा प्रकार नव्हता. तिच्या फणेरपेटीत मेणाची एक चपटी डबी असे. स्नान झाले की ती पाटावर बसून पेटीचे झाकण उभे करी, झाकणाच्या आतल्या आरशात पाहून बोटाने कपाळावर मेणाचा वाटोळा ठसा उमटवी, आणि त्यावर करंड्यातले कुंकू दाबून बसवी. भोवताली सांडलेले कुंकू पुसून घेतले की काम झाले. ते मेण कातडीला धरून राही ते केवळ आपल्या मऊपणाने. कापडाच्या एका पुसण्यासरशी ते निघूनही जाई. अर्थात जुने ते सारे निर्दोष होते, असा आमचा दावा नाही. हळदीपासून केलेले कुंकू मागे पडून बाजारी रंगांची भेसळ असलेले कुंकू घरोघर शिरले, तेव्हा कित्येकींची कपाळे खाजली व काळवंडली, आणि त्वचारोगांच्या ग्रंथांत त्याची नोंद झालेली आहे. टिकली आली तेव्हा स्त्रियांनी तिचे मनःपूर्वक स्वागत केले, ते उगाच नव्हे. ती घामाने ओघळत नाही, साडीवर सांडत नाही आणि धावत्या गाडीत एका हाताने लावता येते. तिच्या दर्शनी भागात नावे ठेवण्याजोगे काही नाही. जे आहे ते पाठीमागे आहे.

टिकलीच्या पाठीवरचा हा लेप लिफाफ्याच्या डिंकाहून निराळ्या जातीचा असतो. डिंक वाळतो आणि मग धरतो. हा लेप कधी वाळतच नाही. घन व द्रव यांच्या सीमेवर तो जन्मभर रेंगाळत असतो. बोटाने दाबले की तो थोडासा वाहतो, कातडीच्या बारीक रेघांत व खळग्यांत शिरतो, आणि दाब काढला तरी तेथून सहजी हलत नाही. वैद्यकात त्याचा प्रवेश बराच जुना आहे. होरेस डे नावाच्या अमेरिकन शल्यवैद्याने १८४५ साली कापडाच्या पट्ट्यांवर रबराचा चिकट लेप दिला. हँबुर्गच्या पाउल बायर्सडॉर्फ याने १८८२ मध्ये औषधी पट्ट्यांचे पेटंट घेतले. आणि १९२० साली अर्ल डिक्सन या अमेरिकन गृहस्थाने, स्वयंपाक करताना वरचेवर बोटे कापून घेणाऱ्या आपल्या पत्नीसाठी, आज प्रत्येक घरच्या औषधांच्या डब्यात असणारी तयार पट्टी जुळविली. पत्नीप्रेमाचे इतके उपयुक्त स्मारक शहाजहानासही साधले नाही.

आरशाला या लेपाचे काही वाटत नाही; तो काचेचा आहे. कातडीचे तसे नाही. तिचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे असून, ते सगळे मिळून मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतके जाड भरतात. बाहेरचे बाहेर व आतले आत ठेवण्याचे काम मुख्यतः हा थरच करतो. चिकट पट्टी उपटली की तिच्याबरोबर यातले थोडेसे निघून येते. ही गोष्ट इतकी भरवशाची आहे की, त्वचेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मुद्दाम एकाच जागी पट्टी पुनःपुन्हा लावून व उपटून हे पापुद्रे एकेक करून गोळा करतात. आपल्या गृहिणी हाच प्रयोग भुवयांच्या मध्ये वर्षानुवर्षे करीत असतात, आणि त्यांना कोणी शिष्यवृत्ती देत नाही. आरशावरून परत येणाऱ्या टिकलीचा जोर का कमी होतो, याचेही उत्तर येथेच आहे. तिचा लेप संपलेला नसतो; तो कातडीच्या कोंड्याने, तेलाने आणि धुळीने भरून गेलेला असतो. मग ती पडू नये म्हणून अंगठ्याने दाबून बसवावयाची, नाही तर पाठीला घरात सापडेल तो दुसरा चिकट पदार्थ लावावयाचा! लाकूड, कागद व चामडे यांसाठी केलेले डिंक कपाळासाठी केलेले नसतात, एवढे तरी ध्यानात ठेवावयास हवे.

या सर्व गोष्टींकडे आमचे लक्ष वेधले ते आमच्या एका मावशीमुळे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिच्या कपाळावर, टिकलीच्या जागी, मोहरीएवढा पांढरा ठिपका उमटला. आधी थोडी खाज सुटे. तिकडे तिने लक्ष दिले नाही. ठिपका मात्र तिने पाहिला, आणि त्याच दिवशी बाजारात जाऊन नेहमीपेक्षा मोठ्या टिकलीचे पाकीट आणले. ठिपका टिकलीएवढा झाला. मग तिने आणखी मोठी टिकली आणली. त्या वेळी तिच्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. आईच्या कपाळावर पांढरा डाग आहे, ही वार्ता पाहुण्यांपर्यंत गेली तर काय होईल, याची तिला धास्ती होती. आणि ही धास्ती निराधार होती असे, आपल्या समाजास ओळखणारा कोणीही म्हणणार नाही. दोन वर्षे तिने हे नवऱ्यासही कळू दिले नाही. घरातल्या माणसांना एवढेच दिसत होते की, मावशी हल्ली मोठे, ठसठशीत कुंकू लावते; आणि आम्ही सारे त्याचे कौतुकच करीत होतो.

अखेर मुलीचे लग्न झाल्यावर ती त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डाग पाहिला आणि प्रथम काय विचारले, तर टिकलीचे पाकीट. असल्या लेपांत कित्येकदा पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल नावाचे एक द्रव्य असते. चपला, घड्याळांचे पट्टे वगैरे जोडण्याच्या चिकट राळांतही ते आढळते. आपल्या कातडीचा रंग तयार करणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्या टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून तो रंग घडवितात. हे फिनॉल रूपाने त्या टायरोसिनासारखे दिसते. पेशी फसते, त्यालाच कच्चा माल समजून कामास घेते, आणि त्यातून जे विषारी द्रव्य निघते त्याने स्वतःच मरते. सर्वांच्याच पेशी अशा फसत नाहीत. काहींच्याच फसतात, आणि कोणाच्या फसतील हे आधी सांगता येत नाही. अमेरिकेत एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे वापरणाऱ्या कामगारांच्या हातांचा रंग मोज्यांखाली उडाल्याचे १९३९ साली प्रसिद्ध झाले होते. तेथे दोष रबर टिकावे म्हणून घातलेल्या अशाच एका द्रव्याचा होता. आपल्याकडे अलाहाबादचे डॉ. बजाज व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली टिकलीच्या लेपातील या फिनॉलवर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे मावशीच्या कपाळावर ठिपका उमटला त्यापूर्वी कितीतरी वर्षे ही गोष्ट छापून आलेली होती. छापून आलेली गोष्ट आणि आरशापर्यंत पोहोचलेली गोष्ट यांत केवढे अंतर असते!

मावशीची टिकली त्या दिवसापासून बंद झाली. औषधाने काठाकाठाचा रंग वर्षभरात बराचसा परत आला. मधला ठिपका राहिला तो राहिलाच. वेळीच टिकली सोडली असती तर कदाचित तोही भरून आला असता, असे डॉक्टर म्हणाले. या डागात आणि कोडात नुसत्या डोळ्यांनी फरक करणे पुष्कळदा अवघड असते. पण दोन्हींपैकी एकही स्पर्शाने होत नाही, आणि कोडाचा कुष्ठरोगाशी काडीमात्र संबंध नाही, हे शिकल्यासवरलेल्या घरांतही अजून पुनःपुन्हा सांगावे लागते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर काढला. तो पाहून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांपैकी कितींनी पुढे डाग असलेली सून आनंदाने केली असेल, हा प्रश्न आम्ही त्यांच्यावरच सोपवितो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पुतणीचे लग्न झाले. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे तिच्या पोलक्याला पाठ जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे आत घालावयाच्या नेहमीच्या वस्त्रास जागा नव्हती. अशा वेळी मुली स्तनाग्रांवर सिलिकोनच्या पातळ, चिकट चकत्या लावतात. तशी एक जोडी तिने मागविली होती. आमच्या वहिनींनी ती धुऊन वाळत ठेवलेली पाहिली आणि चहाच्या पेल्याखाली ठेवावयाच्या चकत्या समजून दिवाणखान्यात नेली, हा कथाभाग आम्ही येथेच आटोपता घेतो.

खरी अडचण हळदीच्या दिवशी झाली. अंगाला तेल व हळद लागलेली. त्यावर चकत्या धरीनात. तेव्हा भेटवस्तूंची वेष्टने चिकटविण्यासाठी आणलेली दुहेरी चिकटपट्टी पोरीने चकत्यांखाली लावली. दहा-अकरा तासांनी, रात्री दमून आल्यावर, एका हिसक्यात सारे ओढून काढले. कातडी सोलवटून लाल वर्तुळे उठली. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळचे. आणि त्याच सोललेल्या जागी पुन्हा चकत्या लावावयाच्या, असा तिचा बेत होता. आईस सांगावयाची लाज, डॉक्टरांकडे जावयाची त्याहून अधिक. मावशी त्याच खोलीत निजावयास होती. पोरगी कपडे बदलताना कण्हली, तेवढ्यावरून तिने ओळखले.

“दाखव मला,” मावशी म्हणाली.

“काही नाही गं, मावशीआजी. उद्याचा दिवस निघाला की झालं.”

“लपवू नकोस. मी दोन वर्षं लपवलं होतं, मोठ्या टिकलीखाली. हे बघ काय राहिलंय ते.”

रात्री नऊच्या सुमारास आमची सौभाग्यवती त्या चकत्यांच्या डबीतला घडीचा कागद घेऊन आमच्याकडे आली. “अहो, हे मुंगीएवढं इंग्रजी वाचून सांगा. आणि लाजू नका.” तीस वर्षे इंग्रजी शिकविल्याचे सार्थक अशा रीतीने झाले.

कागदात लिहिले होते ते सारे शहाणपणाचे होते, फक्त त्याची कारणे दिलेली नव्हती. कातडी धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, पावडर, मलम काही नसावे. कारण लेपाने कातडीला धरावयाचे असते, पावडरीला नव्हे. चकती मध्यभागी टेकवून मग कडांकडे दाबत न्यावी आणि तळहाताची ऊब थोडा वेळ द्यावी. उबेने लेप नीट बसतो. सोललेल्या, पुरळ उठलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या जागी लावूच नये. काही तासांनी काढावी, लावून निजू नये. खाली घाम साचून कातडी भिजते, आणि भिजलेली कातडी कोरडीपेक्षा लवकर फाटते. काढण्याच्या कृतीवर आम्ही स्वतःची थोडी भर घालून तिला ती दोनदा वाचून दाखविली. एका हाताने कातडी धरावी, कड उचलून चकती तिच्याच अंगावर दुमडत, कातडीलगत, सावकाश सोडवीत न्यावी; वर ओढू नये. अडली तर कडेला खोबरेल तेलाचे बोट लावून थोडे थांबावे. सिलिकोनची चकती कोमट पाणी व सौम्य साबण यांनी धुतली म्हणजे तिचा चिकटपणा परत येतो, कारण वर बसलेला कोंडा व तेल तेवढे निघून जाते. पण ती पंचाने पुसू नये, धागे लागतात. हवेवर वाळवून तिचा पातळ पापुद्रा पुन्हा लावून ठेवावी. धुऊनही धरीनाशी झाली की टाकून द्यावी. कापडी चकत्या एकदाच वापरावयाच्या असतात. दुसरीची वापरू नये, हे सांगणे न लगे. पण आरशावरच्या टिकल्या मायलेकी बिनदिक्कत वाटून घेतात, म्हणून सांगितले. नवी वस्तू समारंभाच्या आदल्या आठवड्यात दंडाच्या आतल्या बाजूस काही तास लावून पाहावी. खाज किंवा लाली आली तर ती वस्तू आपली नव्हे, मग तिची किंमत कितीही असो.

हे सारे पुढच्या वेळेसाठी. त्या रात्री सौभाग्यवतीने जखमेवर साधे व्हॅसलीन लावून मऊ सुती कापड ठेवले, आणि सकाळी पहिले काम म्हणून ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवावयाचे ठरले. पोलक्याचा प्रश्न राहिला. शिंपी गल्लीच्या टोकालाच राहतो. तो दहा वाजता जेवणावरून उठून आला, काय करावयाचे ते मावशीने त्यास भीडभाड न ठेवता सांगितले, आणि त्याने पोलक्याच्या आत मऊ कापडाच्या दोन गाद्या अर्ध्या तासात शिवून दिल्या. शिलाई सांगताना म्हणाला, हे पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर तेव्हाच घातल्या असत्या; निम्म्या नवऱ्या मुली याच करून घेतात.