दोन वेळा वाट चुकलो

देशाटनाचे फायदे सांगणारी आर्या मी वर्गात तीस-बत्तीस वर्षे मुलांकडून पाठ करवून घेतली. परंतु स्वतः मात्र केळापूर तालुक्याबाहेर क्वचितच पाऊल टाकले. मास्तरकी हा पेशाच असा की, दुसऱ्यांस वाट दाखवावी आणि आपण मैलाच्या दगडासारखे जागीच रोवून राहावे. तथापि साहस म्हणता येईल असे दोन प्रवास माझ्या पदरी आहेत. एक घरापासून काही कोसांवरच्या तिपेश्वरच्या अरण्यातला, व दुसरा सातासमुद्रांपलीकडील फ्लॉरेन्स शहरातला. दोहोंत अंतर अठ्ठावीस वर्षांचे. दोन्ही ठिकाणी मी वाट चुकलो, आणि दोन्ही वेळी मजबरोबर एकच मनुष्य होता, तो म्हणजे माझा मुलगा. त्या दोन चुकण्यांची ही हकीकत आहे.

पहिली गोष्ट १९९६ सालच्या नाताळच्या सुट्टीतील. तिपेश्वर तेव्हा अभयारण्य म्हणून जाहीर व्हावयाचे होते. ते पुढील वर्षी, १९९७ साली झाले. आज तेथे सुमारे १४८ चौरस किलोमीटर रान राखलेले असून ठराविक फाटकांतून, वाटाड्या बरोबर घेऊन, गाडीत बसूनच आत जावे लागते. त्या काळी रानाच्या पोटात व कडेला वस्ती होती, आणि ज्या तिपाई देवीवरून अरण्यास हे नाव पडले, तिच्या दर्शनास लोक पायी जात. मुलगा नऊ वर्षांचा होता. त्यास वाघाचे रान दाखवावे म्हणून मी पांढरकवड्याहून एस.टी.ने निघालो व फाट्यावर उतरून दोघे चालू लागलो.

दर्शन यथासांग झाले. परतताना मात्र मजला विद्वत्ता सुचली. ओढा उताराकडे वाहतो, उताराकडे गाव असते, तेव्हा ओढ्याकाठाने गेल्यास वाट जवळ पडेल, असा सिद्धान्त मी मुलास समजावून सांगितला व मळलेली वाट सोडली. ओढा दोन टेकड्यांमध्ये वळला, पुन्हा वळला, आणि ज्या टेकडीची खूण मी मनात धरली होती ती सागाच्या दाटीत दिसेनाशी झाली. मार्गशीर्षातला दिवस, सूर्य कलला न कलला तोच अंधार पडला. कोठेतरी चितळ ओरडले. पाठोपाठ झाडावरची वानरे खोकल्यासारखा आवाज करू लागली. त्या आवाजाचा अर्थ आमच्या भागातल्या लहान पोरासही ठाऊक असतो. मुलाने माझ्या सदऱ्याचे टोक घट्ट धरले आणि विचारले, "बाबा, आपण चुकलो का हो?"

मी म्हणालो, "नाही रे. मास्तर कधी वाट चुकतो काय?"

तासभर तसेच ठेचाळत गेल्यावर झाडांमधून विस्तवाचा उजेड दिसला. कडेच्या वावरात तूर उभी होती आणि रानडुकरे व रोही हाकण्याकरिता एक कोलाम म्हातारा मचाणावर जागत बसला होता. आमची चाहूल लागताच तो खाली उतरला. मी त्यास सांगितले की, आम्ही सहज या बाजूने फिरत आलो. त्याने मजकडे पाहिले, मुलाच्या ओरबाडलेल्या पायांकडे पाहिले, आणि हसून म्हणाला, "चुकलो म्हनाले लाज कायची जी गुरुजी? रानात कोनीबी चुकते. हाक माराची असते माणसानं."

त्याने आम्हांस आपल्या पोडावर नेले. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा व उकडलेल्या तुरीच्या शेंगा असे जेवण झाले. रात्री शेकोटीपाशी पडलो असता ओढ्याच्या अंगाने वाघाची डरकाळी दोन वेळा ऐकू आली. मुलगा मजला बिलगला. म्हाताऱ्याने नुसते एक लाकूड विस्तवात सारले. सकाळी तो आम्हांस वाटेला लावून देण्यास आला, तेव्हा ओढ्याच्या वाळूत आदल्या सायंकाळची आमची पावले दिसली, आणि त्यांवरून गेलेले वाघाचे ठसेही दिसले. माझ्या तोंडचे पाणी पळाले. घरी आल्यावर वडीलधाऱ्या मंडळींनी आधी आंघोळ करावयास लावली, मग प्रश्न विचारले. मुलाच्या आईने मात्र एकच विचारले, "हाक नाही का मारलीत कोणाला?"

पुढे मुलगा शिकला, यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला व नोकरीनिमित्त जर्मनीतील म्युनिक शहरी गेला. माझे पणजोबा समुद्रयान कलिवर्ज्य मानणारे. आमच्या घरात आता तो प्रश्न उरला नव्हता. माझ्या मनात अढी बसली ती निराळ्या कारणाने. २०२० च्या मार्चअखेर देशात टाळेबंदी झाली, परदेशची विमाने बंद पडली, आणि एप्रिलमध्ये माझे कुटुंब हृदयविकाराने दोन दिवसांत गेले. वीस माणसांपलीकडे जमण्यास मनाई होती. आमच्या एकत्र कुटुंबातलीच माणसे त्याहून अधिक. अग्नी मी दिला. मुलाने ते सारे पुतण्याने धरलेल्या फोनच्या काचेतून पाहिले. विमाने त्याने बंद केली नव्हती, हे बुद्धीस कळत होते, परंतु "हा मुळात गेलाच कशाला?" हा प्रश्न मनातून जाईना. मी त्यास कधी रागाने बोललो नाही. फोनवर पाऊसपाण्याचे व कापसाच्या भावाचे बोलत असे. चार वर्षे त्याने बोलाविले, चार वर्षे मी गुडघेदुखी पुढे केली.

अखेरीस २०२४ च्या ऑक्टोबरात मी जाण्याचे कबूल केले, ते एका अटीवर. म्हटले, "मला फ्लॉरेन्स दाखव. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री पाहावयाची आहे." मुलास वाटले, बाबांस इतिहासाची आवड. खरा हेतू आज लिहावयास संकोच वाटतो. परदेशी गेलेल्याची गत काय होते, आपल्या माणसांवाचून मरण कसे येते, ते त्यास डोळ्यांनी दाखवावे असे माझ्या मनात होते.

म्युनिकहून आगगाडी आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरते. बोलोन्यास गाडी बदलून आम्ही सायंकाळी फ्लॉरेन्सला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे, जन्माच्या सवयीप्रमाणे, मी एकटाच फिरावयास बाहेर पडलो. मुलगा झोपला होता. त्यास उठविले नाही. मोठ्या देवालयाचा तांबूस घुमट खुणेस धरला. तो ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने, खाली लाकडी कमानीचा आधार न देता, १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत उभारला. एवढा घुमट कोठूनही दिसेल, चुकण्याचे कारण काय? आर्नो नदीपर्यंत गेलो. तिजवर पोंते वेक्क्यो हा जुना पूल असून त्यावर दोन्ही अंगांस सोनारांची दुकाने आहेत. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नदीवरचे बाकीचे पूल उडविले, हा तेवढा ठेवला. तो ओलांडून पलीकडील गल्ल्यांत शिरलो आणि दहा मिनिटांत घुमट दिसेनासा झाला. सारखीच उंच दगडी घरे, सारखेच गज लावलेले दरवाजे. तिपेश्वरच्या सागात आणि या दगडांत मजपुरता काही भेद नव्हता.

एक वृद्ध बाई दारापुढे झाडीत होती. मी इंग्रजीत विचारले; तिने तिच्या भाषेत सांगितले व बोटे मोजून दाखविली, "दुए, त्रे." मी दचकलोच. संस्कृत शिकलेल्या माणसास द्वि आणि त्रि ओळखू येणार नाहीत काय? आणि मला फिलिप्पो सास्सेत्तीची आठवण झाली. हा याच फ्लॉरेन्सचा व्यापारी. १५८३ साली हिंदुस्थानात आला, कोचीन व गोवे येथे राहिला, आणि इथल्या पंडितांची भाषा कानी पडल्यावर त्याने स्वदेशी पत्रे लिहून कळविले की, आपले सेत्ते, ओत्तो, नोव्हे आणि त्यांचे सप्त, अष्ट, नव हे शब्द जुळतात. देव आणि सर्प यांसही आपल्या भाषेत तसेच शब्द आहेत. विल्यम जोन्सचे १७८६ चे प्रसिद्ध व्याख्यान होण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. तो परत गेलाच नाही. १५८८ साली गोव्यात वारला. फ्लॉरेन्सचा मनुष्य गोव्याच्या मातीत राहिला आणि कोल्हापूरचा राजा फ्लॉरेन्सच्या नदीकाठी!

या विचाराच्या नादात तिसरी गल्ली कोणती ते विसरलो आणि पार चुकलो. खिशात फोन होता. अर्धा तास मी तो बाहेर काढला नाही. मास्तर कधी वाट चुकतो काय? मग त्या मचाणाखालचा म्हातारा आठवला. फोन लावला आणि म्हणालो, "अरे, मी चुकलो."

पलीकडे क्षणभर शांतता. नंतर मुलगा म्हणाला, "तिथेच थांबा बाबा. हलू नका. मी येतो." दहा-पंधरा मिनिटांत तो धावतपळत आला, पायांत घरातल्या चपला, अंगात उलटा घातलेला सदरा. मजला त्यास पाहून बरे वाटले असे लिहिणे फार थोडे होईल.

त्याच दिवशी आम्ही कास्चीने नावाच्या विस्तीर्ण उपवनातून नदीच्या काठाने पायी गेलो. उपवन जेथे संपते तेथे मुन्योने ही लहान नदी आर्नोस मिळते. राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले, तेथे व्हिक्टोरिया राणीस भेटले, आणि स्वदेशी परतताना या शहरी आजारी पडून त्याच वर्षी ३० नोव्हेंबरास निवर्तले. वय वर्षे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. त्या देशात प्रेत दहन करण्याची चाल नव्हती. तथापि परवानगी मिळाली, आणि बरोबरच्या मंडळींनी दोन नद्यांचा संगम शोधून तेथे रात्री दहनविधी केला. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा योजिला; आतील रंगीत अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा. महाराजांची प्रवासाची रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. आणि फ्लॉरेन्सकर या जागेस अद्याप "इंडियानो", म्हणजे हिंदी माणूस, म्हणतात. जवळच्या पुलासही, जो १९७८ साली झाला, तेच नाव आहे.

मी मुलास जे दाखविण्याकरिता आणले होते, ते मजलाच दिसू लागले. परक्या गावात परक्या माणसांनी एका वीस वर्षांच्या मुलाकरिता संगम मोकळा करून दिला, आणि दीडशे वर्षे त्याची आठवण पुलास बांधून ठेवली. इकडे आपल्याच मुलास मी चार वर्षे दार अर्धे लोटून बाहेर उभे केले होते.

मुलगा पुतळ्याकडे पाहात होता. तो म्हणाला, "बाबा, आपल्या तिपेश्वरचा एक वाघ २०१९ साली निघाला आणि तेलंगणातून फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. म्युनिकच्या वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगितले, आमच्या गावचा वाघ म्हणून."

ती हकीकत मजला ठाऊक होती. गळ्यातल्या पट्ट्यावरून वनखात्याने मोजले, तेव्हा तो वाघ नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर चालला असे निघाले. वयात आलेल्या नर वाघास आईचे रान सोडून स्वतःचे रान शोधावेच लागते. तिपेश्वरात सर्वांस पुरेल एवढी जागा कोठून असणार? आमच्या भागात त्या वाघाचे कौतुकच झाले. रान सोडून गेला म्हणून त्यास कृतघ्न म्हणणारा कोणी भेटला नाही. मी मुलास म्हणालो, "तू गेलास म्हणून मी चार वर्षे मनात राग धरला. आज सकाळी फोनवर म्हणालो, मी चुकलो. ते वाटेपुरतेच नव्हते."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आईला मी पाणी दिलेच नाही. येथे दिले तर चालेल का?"

जीवत्पितृकाने, म्हणजे ज्याचा बाप हयात आहे त्याने, तर्पण करावे की न करावे, आणि कोणत्या प्रसंगी, याविषयीची शास्त्रचर्चा मजला चांगली अवगत आहे. त्या वेळी ती काढावीशी वाटली नाही. तीळ नव्हते, दर्भ नव्हते. तो काठाशी उतरला. मी वरून आईचे नाव व गोत्र सांगितले, आणि त्याने ओंजळभर पाणी तीन वेळा सोडले. नदीत उतरताना दगड निसरडे होते. वर येताना त्याने हात पुढे केला, तो मजला वर घेण्याकरिता की स्वतः वर येण्याकरिता, हे कळले नाही. दोघांनी धरला एवढे खरे.

आता तो दर रविवारी फोन करितो. पाऊसपाणी व कापसाचा भाव अजूनही निघतोच. परंतु त्यानंतर आम्ही बोलू लागतो. वाचकांपैकी ज्यांची मुले दूरदेशी आहेत त्यांस उपदेश करण्याचा अधिकार मजला नाही. त्या कोलाम म्हाताऱ्याचे बोल तेवढे सांगतो: चुकणे हे रानातही होते आणि शहरातही होते, माणसाने हाक मारावयाची असते.