हवालदारकाकांचं देणं

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन आई वॉकर धरून घरी येणार होती आणि मला धास्ती होती ती बिजलीची. बिजली आमची गावठी कुत्री, ऐन उमेदीतली, अंगानं भक्कम. घरातलं माणूस कोपऱ्यावरून दूध घेऊन परतलं तरी ती छातीपर्यंत उड्या मारायची. तिच्यात राग नावाला नव्हता, सगळी मायाच होती. पण त्या मायेच्या एका धक्क्यानं आई पुन्हा पडली असती. कुणी सुचवलं, लांब सोडून या. कुणी म्हणालं, उडी मारली की छातीत गुडघा घाला. दोन्ही मला जमणारं नव्हतं.

साताऱ्याच्या सदरबझारात आमच्या शेजारी हवालदारकाका राहतात. लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये त्यांची नोकरी झाली. मेरठच्या केंद्रात ते कुत्री हाताळायला शिकले. ते आपणहून आले. अंगणात हाताची घडी घालून, बिजलीकडे पाठ करून अजिंक्यतारा किल्ल्याकडे बघत उभे राहिले. बिजली उडत होती, भुंकत होती. चारही पाय जमिनीला टेकले त्याच क्षणी काकांनी वाकून उकडलेल्या कलेजीचा तुकडा तिच्या पंजांजवळ ठेवला. मी तिला ढकलायला पुढे झाले तशी मला थांबवलं. "हात लावू नको पोरी. ढकललंस तरी तिला तो खेळच वाटतोय."

पुढचा इशारा महत्त्वाचा होता. "आता ती जास्त करंल. रोज मिळत होतं ते मिळंना म्हणून दुप्पट जोर लावंल. तेवढ्यात घरातल्या एकानं जरी लाड केलं, तरी ती शिकणार, जोर लावला की मिळतंय." तसंच झालं. मधले काही दिवस तिच्या उड्या वाढल्या. भाच्यापासून धुण्याच्या मावशींपर्यंत सगळ्यांना काकांनी एकच नियम घालून दिला आणि मग उड्या ओसरू लागल्या.

पण उडी न मारणं वेगळं आणि मन निवांत होणं वेगळं. काकांचं खरं कसब मी गोणपाटावर पाहिलं. ते खुर्चीत दैनिक 'ऐक्य' वाचत बसायचे, शेजारी गोणपाटावर बिजली. तिनं एका कुशीवर अंग सोडलं, हनुवटी टेकली, लांब श्वास टाकला, की न बोलता तुकडा तिच्या पुढ्यात. शाबासकीचा मोठा आवाज नाही, डोक्यावर थापट्या नाहीत. त्यानं ती पुन्हा चेतली असती. मग ते उठून एक पाऊल जायचे आणि परत यायचे. नंतर दोन पावलं. टाळी. दाराची घंटा. दाराआड क्षणभर दिसेनासं होणं. ती डळमळली की एक पायरी मागे. केरन ओव्हरॉल या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी १९९७च्या आपल्या पुस्तकात अशाच चढत्या पायऱ्यांचा पंधरा दिवसांचा क्रम दिला आहे. तो मी पुढे वाचला, तेव्हा काका काय करत होते ते मला नीट कळलं.

आई यायच्या आधी त्यांनी वॉकर मागून घेतला. ताठ कण्याचा तो माणूस कंबरेत वाकून, पाय ओढत, टकटक आवाज करत आमच्या घरभर फिरला. बिजलीला त्या आवाजाची, त्या चालीची सवय व्हावी म्हणून. आई आली तेव्हा बिजली थरथरत होती, शेपटी आपटत होती. पण गोणपाटावरून उठली नाही. आई खुर्चीत टेकल्यावरच आम्ही तिला बोलावलं.

आईनं पैशांचं पाकीट पुढे केलं. काकांनी ते परत सारलं. नोकरीत त्यांच्या हाताखाली एक लॅब्रॅडॉर होता. काका निवृत्त झाले, कुत्रा पलटणीतच राहिला. घरी दुसरं कुत्रं त्यांनी आणलं नाही. एवढं सांगून म्हणाले, "वहिनी, संध्याकाळी घटकाभर तिला माझ्याकडं पाठवत जा."

आई आता वॉकरशिवाय चालते. दिवेलागणीला तीच बिजलीला घेऊन काकांच्या ओट्यावर जाते आणि तिघं तिथं बसतात. त्यानं आमचं देणं फिटत असेल असं मला वाटत नाही.