गिऱ्हाईक म्हणून की नागरिक म्हणून?

वॉलमार्ट हे नाव आपल्याकडे आता फ्लिपकार्टमुळे माहीत आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी ते दूध, तांदूळ, पोरांचे कपडे आणि सायकल घ्यायचं रोजचं दुकान. त्याच छपराखाली, बऱ्याच शाखांत, शिकारीच्या बंदुका आणि काडतुसंही मिळतात. आपल्याला हे ऐकूनच चमकायला होतं. तिथे कित्येक वर्षं कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

३ ऑगस्ट २०१९. टेक्सासमधलं एल पासो, मेक्सिकोच्या सीमेवरचं शहर. शनिवार होता, शाळा सुरू होणार म्हणून वॉलमार्टमध्ये गर्दी होती. मेक्सिकन लोकांचा द्वेष डोक्यात घेऊन एक तरुण तिथे आला आणि त्याने गोळीबार केला. एकूण २३ माणसं गेली. त्याची बंदूक वॉलमार्टमधून घेतलेली नव्हती. तरीही गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली: ज्या दुकानात माणसं मेली, त्याच कंपनीने गोळ्या का विकाव्यात? काही कर्मचारीही काम सोडून बाहेर आले.

महिन्याभरात, ३ सप्टेंबरला, कंपनीचे प्रमुख डग मॅकमिलन यांनी जाहीर केलं: पिस्तुलाची काडतुसं आणि लष्करी धाटणीच्या रायफलीत चालणारी काही काडतुसं, असलेला साठा संपला की बंद. पिस्तूल फक्त अलास्कात विकत होते, तेही बंद. शिवाय विनंती, की कायद्याने मुभा असली तरी बंदूक उघड घेऊन दुकानात येऊ नका. शिकारीच्या बंदुका मात्र चालूच राहिल्या.

आता यातला अर्थ बघा. ही कंपनी १९९६ साली शेरिल क्रो या गायिकेचा आल्बम दुकानात ठेवायला तयार नव्हती. कारण काय, तर एका गाण्यात वॉलमार्टमधून घेतलेल्या बंदुकीचा उल्लेख होता. न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च या कंपनीचं भागधारक. जास्त गोळ्या मावणाऱ्या बंदुका विकायच्या की नाही, हा प्रस्ताव भागधारकांसमोर मांडा म्हणून ते कोर्टात गेलं. २०१५ साली वरच्या कोर्टात कंपनी जिंकली. काय विकायचं हा आमचा धंद्याचा निर्णय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी त्यांनी लष्करी धाटणीच्या रायफली विकणं बंद केलं. कारण दिलं, मागणी कमी झाली!

म्हणजे दुकान ऐकतं, पण ऐकायचं तेव्हा ऐकतं. याला अपवाद नाही असं नाही. २०१८ साली फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, त्यानंतर 'डिक्स' या खेळसाहित्याच्या दुकानसाखळीने तशा रायफली बंद केल्या. शिल्लक माल परत न पाठवता तोडून टाकला. चिडलेली गिऱ्हाइकं निघून गेली आणि मालकाच्या म्हणण्यानुसार २५ कोटी डॉलरच्या आसपास विक्री बुडाली. डिक्स आणि वॉलमार्टने तेव्हा बंदूक घ्यायचं वय २१ केलं, तर ओरेगॉनमधल्या एका विशीच्या तरुणाने दोघांवर दावा लावला, की वयावरून हा भेदभाव आहे. गिऱ्हाईक तोही आणि गिऱ्हाईक हेही. दुकानाने कुणाचं ऐकायचं?

माझा मुद्दा इथेच आहे. दुकानाचं धोरण म्हणजे कायदा नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये दंगलीच्या भीतीने वॉलमार्टने बंदुका मांडणीतून हलवल्या आणि दुसऱ्याच दिवशी परत मांडायचं ठरवलं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. वॉलमार्टने काडतूस बंद केलं तर पलीकडच्या दुकानात ते मिळतंच. त्यात अमेरिकेत १९९४ चा लष्करी धाटणीच्या बंदुकांवरचा बंदीचा कायदा २००४ मध्ये मुदत संपून गेला, तो पुन्हा आलाच नाही. लोकप्रतिनिधी हलत नाहीत म्हणून लोक दुकानदाराकडे गेले. मॅकमिलन यांनीही शेवटी सरकारलाच पत्रं लिहिली, की खरेदीदाराची तपासणी कडक करा.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवाना सरकारी अधिकारी देतो, किती काडतुसं घ्यायची तेही परवान्यावर ठरलेलं. दर निवडणुकीला परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात, ती बातमी मी दरवेळी चार ओळींत देतो. कंटाळवाणी बातमी आहे, मान्य. पण त्या चार ओळींमागे कायदा उभा आहे, दुकानदाराची मर्जी नाही. परवान्यात वशिला चालतो, गावठी कट्टेही सापडतात, हे खरंच. तरी निदान जाब कुणाला विचारायचा ते ठरलेलं आहे.

एल पासोच्या गिऱ्हाइकांना मी नावं ठेवणार नाही. जिथे दार उघडं दिसलं तिथे त्यांनी ठोठावलं आणि थोडं मिळवलंही. पण आपणही हळूहळू त्याच वाटेने चाललोय. भेसळ असो, खराब औषध असो, अन्न आणि औषध प्रशासनाला अर्ज करण्याऐवजी आपण कंपनीला टॅग करतो आणि कूपन मिळालं की गप्प बसतो. गिऱ्हाइकाची किंमत त्याच्या पाकिटाएवढी. नागरिकाचं मत मात्र सगळ्यांचं सारखंच मोजलं जातं. ते वापरायचं सोडलं, तर काय विकायचं आणि काय नाही, हे दुकानदारच ठरवणार.