पुस्तक मिट आणि सांग

रावपुरा, वडोदरा
रविवार, दुपार

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस तेव्हा आजी शेजारीच होती, म्हणून मोकळेपणाने बोललो नाही. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारा क्लास लावू का, हा तुझा प्रश्न. फी ऐकून गप्प झालो हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं.

आपल्या घरापासून दांडियाबाजार चालत किती जवळ, तुला ठाऊक आहे. तिथल्या खासेराव जाधवांच्या घरी अरविंद घोष राहत. १८९३ ते १९०६ ते बडोद्याच्या नोकरीत होते. मुंबईच्या पुस्तकवाल्यांकडून पार्सलं यायची आणि रात्री उशिरापर्यंत, डास फोडून काढत असताना, हा गृहस्थ दिव्यापाशी वाचत बसलेला. अर्ध्या तासात कादंबरी संपवून ‘विचारा कुठलंही पान’ म्हणायचे, असं सांगतात. ही गोष्ट ऐकवून आम्हा पोरांना किती दटावलं असेल!

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. सातव्या वर्षी विलायतेला गेलेला हा मुलगा केंब्रिजपर्यंत शिकून विसाव्या वर्षी परतला. इंग्रजी, ग्रीक, लॅटिन अंगात मुरलेलं. त्याच माणसाला स्वतःच्या बंगालीत पक्कं व्हायला १८९८ मध्ये दिनेंद्रकुमार रॉय यांची सोबत घ्यावी लागली. डोळे तेच, दिवा तोच, डासही तेच. इंग्रजी पानं भराभर उलटायची आणि बंगालीला शिकवणारा लागायचा. वेग आला होता तो आधीच्या साठ्यातून.

डोळ्यांचं म्हणशील तर नजर ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारते. प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबते, आणि त्या थांब्यात इंग्रजी मजकुराची सात-आठ अक्षरंच लख्ख दिसतात. चांगला वाचणारा मिनिटाला अडीचशेच्या आसपास शब्द वाचतो. हजारावर गेलं की ते चाळणं झालं. चाळणं वाईट नाही. पेपर मी तसाच चाळतो. पण तुझा करार कायदा चाळून बघ. २५ वं कलम म्हणतं, प्रतिफल नसलेला करार व्यर्थ. त्यापाठोपाठ येतो ‘अनलेस’, आणि त्यामागून तीन अपवाद. तेवढा एक शब्द नजरेतून सुटला की कलम उलटंच डोक्यात बसतं. एकेक शब्द पडद्यावर चमकवणारं ते अॅप तर मागेही वळू देत नाही, आणि मागे वळणं हेच तर अर्धं समजणं.

माझीच फजिती सांगतो. खात्याच्या परीक्षेसाठी नियमांचं पुस्तक चार वेळा वाचलं, पिवळ्या पेनाने रंगवून काढलं. पान ओळखीचं वाटायचं, म्हणून येतंय असं धरून चाललो. नापास झालो. दुसऱ्या खेपेला आजीने ताबा घेतला. ती ताटात तांदूळ निवडत बसायची. ‘पुस्तक मिट आणि सांग,’ म्हणायची. नियमातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी चाचरलो की बोटाने खडा बाजूला सारायची आणि म्हणायची, ‘इथे अडलास.’ मग तेवढंच पुन्हा उघडायचं.

२००६ मध्ये रोडीगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी हेच विद्यार्थ्यांवर करून पाहिलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवला, न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. माझी चार वेळा वाचण्याची मिजास कुठून आली, ते त्यात कळलं.

तेव्हा फी तूर्त भरू नकोस. धड्याची शीर्षकं आधी बघ, मनाशी दोन-चार प्रश्न धर, मग तुझ्या चालीने वाच. हीही पद्धत जुनीच आहे, ओहायोच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये पुस्तकात मांडलेली. तिच्यासाठी मला फी देऊ नकोस.

बुधवारी रात्री फोन कर. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेव आणि २५ व्या कलमाचे तिन्ही अपवाद आजीला मराठीत सांग. तिला हल्ली कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने. अडलीस की सांगेलच ती.

तुझा
मामा