आधी खोली, मग पदवी

जून-जुलैत पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, कर्वेनगरात बाप-लेकांच्या आणि माय-लेकींच्या जोड्या फिरताना दिसतात. पाठीवर सॅक, हातात पिशवी आणि नजर विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या कागदांवर: ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’, ‘फक्त विद्यार्थ्यांसाठी, मेसची सोय’. या जोड्या दिसल्या की माझा पाय अडखळतो. एम.ए.ला प्रवेश मिळाल्यावर मीही वडिलांसोबत, अण्णांसोबत, परभणीकडून अशीच आले होते. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही आणि आमची वणवण सुरू झाली.

एजंटला एका महिन्याचं भाडं, मालकाला डिपॉझिट, शिवाय पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. हे सगळे पैसे लागतात ते नेमके पेरणीच्या दिवसांत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तेव्हा बी-बियाणं आणि खतात पैसा अडकलेला असतो. मुलीचं डिपॉझिट भरायचं की खताची पोती आणायची, हा हिशेब कितीतरी घरांत रात्री उशिरापर्यंत चालतो. मुलांना त्यातलं फारसं सांगितलं जात नाही, पण मुलांना ते कळतं.

पैशांची जुळणी झाली तरी दारात प्रश्न उभे असतात. कुठल्या तुम्ही? आडनाव काय? नॉनव्हेज खाता का? काय शिकणार, हे सगळ्यात शेवटी. आडनाव सांगितल्यावर ‘जागा कालच गेली’ हे उत्तर ज्यांनी ऐकलंय, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गुणवत्ता यादीत वर असलेली मुलगी त्या उंबऱ्यावर क्षणात खाली येते.

अखेर एका वाड्याच्या माडीवर जागा मिळाली. एका खोलीत चार कॉट, भिंतीतल्या फडताळाचा एकेक कप्पा प्रत्येकीला, पाणी सकाळी दोन तास. अण्णांनी नळ सोडून पाहिला, दाराची कडी आतून लावून पाहिली. मग दिवा लावून माझ्या कॉटवर बसले आणि खिशातलं एस.टी.चं तिकीट काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचू लागले. घरमालकीणबाईंना म्हणाले, “ताई, लेकीला रात्री वाचायला उजेड पुरंल ना?” त्या म्हणाल्या, “अकरापर्यंत पुरेल. नंतर दिवा बंद.” अण्णांनी मान डोलावली आणि पैसे मोजून दिले. त्यांच्या लेखी खोलीची परीक्षा तेवढीच होती: लेक सुरक्षित राहील का आणि तिला वाचता येईल का.

शिक्षण निवाऱ्यापाशी अडतं, हे महाराष्ट्राला फार पूर्वीच उमगलं होतं. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. शाळेचं दार उघडलं, पण गावात पाठ टेकायला जागा नसली तर खेड्यातलं पोर शिकणार कसं, हे त्यांनी ओळखलं होतं. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. पुण्यात 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती उभी केली. आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवले गेले. त्यातले निवासासाठी 20,000, म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. एवढ्यात पुण्यात कॉट मिळवून दाखवावी.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगते. नव्या तुकडीला मंजुरी देताना सरकारने आणि विद्यापीठांनी वसतिगृहातल्या कॉटही मोजाव्यात. मुलांनो, पावतीशिवाय डिपॉझिट देऊ नका. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. लेखी करारच नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे ठाऊक असलं तर बोलताना आवाज कापत नाही.

आणि ज्यांच्या माडीवर एखादी खोली रिकामी आहे, त्यांना हात जोडून विनंती. भाडं रास्त घ्या, नियम घाला, पोलिस पडताळणीही जरूर करा. पण आडनाव त्या फॉर्मपुरतंच राहू द्या. दारात आलेल्या पोराला पहिला प्रश्न विचारा, “काय शिकतोस, बाळा?”